कोकणातल्या गाडीचं इंजिन ऑईल : कधी, कोणतं आणि कसं बदलायचं

पहिली गाडी घरी आली की हप्ता, विमा, फास्टॅग सगळं कुणी ना कुणी समजावून सांगतं. इंजिन ऑईलच्या बाबतीत मात्र "दहा हजाराला बदला" एवढ्यावर बोळवण होते. हायवेवर रोज एका लयीत धावणाऱ्या गाडीला ते ठीक आहे. पण तुमची गाडी मालवणात बाजार, शाळा, बँक एवढंच फिरत असेल, चार महिने पावसात भिजत असेल आणि अधूनमधून फोंडा घाट चढून कोल्हापूरला जात असेल, तर तो हिशेब चुकतो. आपल्याकडे ऑईल किलोमीटरपेक्षा महिन्यांनी म्हातारं होतं. हा लेख अशा गाड्यांसाठी आहे. मुंबईच्या चाकरमान्यांनी गावात ठेवलेल्या आणि वर्षातून दोनदाच चालू होणाऱ्या गाड्याही त्यात आल्या.

ऑईल फक्त घर्षण कमी करत नाही. इंजिनातली काही उष्णता ते वाहून नेतं, काजळी आणि धातूचा चुरा स्वतःत सामावून फिल्टरपर्यंत नेतं, आणि आतल्या भागांवर गंज चढू देत नाही. आपल्या खाऱ्या, दमट हवेत हे शेवटचं काम महत्त्वाचं आहे.

१. आधी हे कागद काढून ठेवा

- गाडीचं मॅन्युअल. हरवलं असेल तर बहुतेक कंपन्यांच्या वेबसाइटवर मॉडेल आणि वर्ष टाकून फुकट उतरवून घेता येतं.
- सर्व्हिस बुक किंवा मागचं बिल, म्हणजे मागच्या वेळचं किलोमीटर, तारीख आणि ऑईलचा ग्रेड (५डब्ल्यू-३० सारखा डब्यावरचा आकडा) कळेल.
- आरसी. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक इंजिन बदलतं आणि फिल्टरही बदलतो. पार्टच्या दुकानात "स्विफ्टचा फिल्टर द्या" एवढं सांगून भागत नाही. पेट्रोल की डिझेल, कोणत्या वर्षाची, हे विचारतातच. चासी नंबर असेल तर चुकायचा प्रश्नच येत नाही.
- गाडी वॉरंटीत असेल तर वॉरंटीच्या अटींचं पान.

मॅन्युअलमध्ये तीनच गोष्टी शोधायच्या आहेत : ऑईलचा ग्रेड, फिल्टरसकट किती लिटर लागतं, आणि मुदत. त्या फोनमध्ये टिपून ठेवा. गॅरेजमध्ये उभं राहून पानं उलटायला कुणाला वेळ नसतो.

२. किलोमीटर की महिने?

बऱ्याच गाड्यांना "१०,००० किलोमीटर किंवा १२ महिने" अशी मुदत असते. काहींना १५,००० असते. यातलं जे आधी येईल ते धरायचं. गाडी वर्षात चारच हजार चालली तरी बारा महिने झाले की ऑईल बदलायचं. "गाडी चाललीच नाही तर ऑईल खराब कसं होईल?" हा प्रश्न गावात नेहमी ऐकू येतो, म्हणून त्याचं उत्तर जरा सविस्तर देतो.

एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. बहुतेक सायलेन्सरमधून निघून जातं, पण थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांमधून खाली ऑईलमध्ये उतरते. इंजिन नीट तापून वीस-पंचवीस मिनिटं चाललं तर ती उडून जाते. घरापासून बाजार दोन किलोमीटर, तिथून शाळा एक किलोमीटर आणि परत, अशा फेऱ्यांत ऑईल पुरतं तापतच नाही. पाणी आत राहतं, त्यात न जळलेलं इंधन मिसळतं, आम्ल तयार होतं आणि ऑईलमधली रसायनं त्याच्याशी झुंजत संपून जातात. पावसाळ्यात हे जास्तच.

मॅन्युअलमध्ये मागे कुठेतरी बारीक अक्षरांत "कठीण परिस्थितीतील वापर" असा तक्ता असतो. थोड्या अंतराच्या फेऱ्या, धूळ, घाटरस्ता, जड ओझं, तासन् तास इंजिन चालू ठेवून उभं राहणं, असं सगळं त्यात असतं. तो तक्ता वाचला की तो कोकणावरच लिहिलाय असं वाटतं. अशा वापरात मुदत अनेकदा निम्मी सांगितलेली असते. आंब्याच्या दिवसांत मागची सीट पाडून पेट्या भरून घाट चढवणारी गाडी याच तक्त्यात बसते. चिरेखाणीच्या रस्त्याची लाल धूळ खाणारीही. धुळीसाठी ऑईलइतकंच एअर फिल्टरकडे बघा. तो तुंबला किंवा फाटला की धूळ आत जाऊन ऑईलची माती करते.

माझं मत : इथेच राहून गाडी वापरणाऱ्यांनी ऑईल पाऊस ओसरल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमारास बदलावं, म्हणजे पावसाळ्यातलं ओलावा खाल्लेलं ऑईल निघून जातं. त्यासाठी मुदत पुढे ढकलायची नाही, लागलं तर दोन महिने अलीकडे आणायची. मुंबईहून गणपतीला गाडी घेऊन येणाऱ्यांनी मात्र निघण्याआधी तीन-चार आठवडे बदलावं. शेवटच्या आठवड्यात गॅरेजवाल्याकडे श्वास घ्यायला सवड नसते, आणि घाईत घट्ट न केलेला बोल्ट तुम्हाला कशेडीच्या आसपास भेटतो.

सीएनजीवाल्यांसाठी एक ओळ : सीएनजीवर ऑईल फारसं काळं पडत नाही, म्हणून लोक बदलायचं लांबवतात. रंग स्वच्छ दिसला तरी मुदत पाळायची.

३. ऑईल मोजायची पट्टी वाचायला शिका

या लेखातलं काहीच केलं नाहीत तरी एवढं करा. ऑईलचा ब्रँड कोणता यावर लोक तासभर वाद घालतात, पण इंजिनं जास्त करून ऑईल कमी झाल्यानं जातात.

गाडी सपाट जागी हवी. आपल्याकडे हीच पहिली अडचण. अंगण उताराचं, रस्ता चढाचा. उतारावर पट्टी हमखास खोटं सांगते. शाळेचं मैदान, देवळासमोरची मोकळी जागा, पेट्रोल पंपाचं आवार, जिथे गाडी चारही चाकांवर सरळ उभी राहील अशी एक जागा ठरवून ठेवा आणि दर वेळी तिथेच बघा.

इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, म्हणजे वरचं ऑईल खाली चेंबरमध्ये उतरेल. बॉनेट उघडल्यावर पिवळ्या किंवा नारिंगी कडीची पट्टी दिसते. ती ओढून काढा, कोरड्या फडक्यानं पुसा, परत पूर्ण आत घाला आणि पुन्हा काढा. पहिल्या वेळेचं वाचन धरायचं नाही, कारण गाडी चालताना ऑईल पट्टीभर उडालेलं असतं. आता पट्टी आडवी धरा. टोकाजवळ दोन खुणा असतात, कधी दोन भोकं, कधी दोन खाचा. ऑईलची ओली रेघ या दोघांच्या मध्ये हवी. वरच्या खुणेच्या जवळ असेल तर उत्तम. बऱ्याच छोट्या गाड्यांत या दोन खुणांमधला फरक साधारण एका लिटरचा असतो, म्हणून कमी दिसलं तर एकदम न ओतता पाव-पाव लिटर घालत बघा.

पट्टीवर आणखी काय दिसतं?

रंग काळा आहे, एवढ्यावर घाबरू नका. डिझेल गाडीत नवं ऑईल काही दिवसांतच काळं होतं. काजळी धरून ठेवणं हेच त्याचं काम. आमच्याकडे गॅरेजात पट्टी काढून बोटावर पुसून दाखवतात आणि म्हणतात, "काका, ऑईल काळा झाला हा, बदलूक व्हया." मुदत झाली नसेल तर नको म्हणायला संकोचू नका.

ओतायच्या झाकणाच्या आत दुधाळ, पिवळसर साय दिसली आणि पट्टीवरचं ऑईल स्वच्छ असेल, तर पावसाळ्यातल्या छोट्या फेऱ्यांचा ओलावा असण्याची शक्यता जास्त. एकदा सलग तासभर गाडी चालवा, झाकण पुसा आणि परत बघा. पट्टीवरही चहासारखं दुधाळ ऑईल असेल किंवा कूलंटची पातळी उतरत असेल, तर मात्र गाडी चालवू नका. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालचं सील, तपासावं लागेल.

ऑईल वाढलेलं दिसलं तर? बीएस ६ डिझेल गाडीत हे होतं. सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा डीपीएफ असतो. तो स्वतःला साफ करायला जादा डिझेल जाळतो. छोट्या फेऱ्यांत ते काम अर्धवट राहिलं की डिझेल ऑईलमध्ये उतरतं आणि पातळी वर चढते. असं ऑईल पातळ झालेलं असतं. पातळी वरच्या खुणेपलीकडे गेली असेल तर मुदतीची वाट न बघता बदला. आणि डीपीएफचा दिवा लागला की गावातल्या गावात न फिरता हायवेला एक चक्कर मारून या.

४. डब्यावरचे आकडे

५डब्ल्यू-३० असं काहीतरी लिहिलेलं असतं. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंड इंजिनात ऑईल किती सहज वाहतं ते सांगतो. जितका लहान तितकं सकाळी पहिल्या स्टार्टला ते झटकन वर पोचतं. खोबरेल थंडीत थिजतं आणि उन्हात पाणी होतं, तसं ऑईलनं टोकाला जाऊ नये म्हणून ही सगळी खटपट. दुसरा आकडा इंजिन तापल्यावरचा, १०० अंश सेल्सिअसला मोजलेला दाटपणा.

इथे एक सापळा. अलीकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांना ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० लागतं. ते पाण्यासारखं पातळ दिसतं आणि जुने मिस्त्री म्हणतात, "आपल्या गरमीत हे टिकत नाही, वीस-चाळीस टाकू." बाहेर ३४ अंश असो की १४, चालू इंजिनातलं तापमान थर्मोस्टॅट ठरवतो. त्या इंजिनातल्या फटी आणि ऑईल पंप पातळ ऑईलच्या हिशेबानं बनवलेले असतात. मॅन्युअलमध्ये दोन-तीन ग्रेड चालतील असं दिलं असेल तर त्यातूनच निवडा. त्याबाहेर जाऊ नका.

आकड्यांखाली दर्जाची अक्षरं असतात. पेट्रोलसाठी एपीआय एसएन, एसपी वगैरे. एसपी हा २०२० मध्ये आलेला दर्जा, आणि साधारणपणे नवा दर्जा जुन्याच्या जागी चालतो. डीपीएफवाल्या डिझेल गाडीला मात्र कमी राखेचं ऑईल लागतं. मॅन्युअलमध्ये एसीईए सी२, सी३ असं काही लिहिलेलं असेल. ट्रकसाठी आणलेल्या बादलीतलं १५डब्ल्यू-४० त्यात ओतलं तर डीपीएफ हळूहळू राखेनं भरतो, आणि तो बदलायचा खर्च ऐकून झोप उडते. काही इंजिनांत टायमिंग बेल्ट ऑईलमध्येच भिजलेला असतो. तिथे तर कंपनीनं सांगितलेलं सोडून दुसरं ऑईल वापरूच नका.

मिनरल, सेमी-सिंथेटिक, फुली सिंथेटिक यांत सिंथेटिक जास्त टिकतं हे खरं. तरी ते घातलं म्हणून मुदत दुप्पट करायची नाही. आणि इंजिन फ्लश, ऑईलमध्ये टाकायच्या छोट्या बाटल्या, "मायलेज वाढवणारं" औषध? वेळच्या वेळी ऑईल बदलणाऱ्याला यातलं काहीच लागत नाही. तेवढ्या पैशांत चांगला फिल्टर घ्या.

बनावट ऑईलही असतं. ओळखीच्या दुकानातून, पक्क्या बिलावर घ्या. झाकणाची कडी अखंड आहे का, आतलं सील चिकटलेलं आहे का, बॅच नंबर आणि तारीख खरवडलेली तर नाही ना, हे बघा. रिकामा डबा भंगारात देण्याआधी चाकूनं फाडा. चांगल्या स्थितीतले डबे परत भरले जातात.

५. गॅरेज

वॉरंटी चालू असेपर्यंत अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा, मग ते कणकवलीला असो की रत्नागिरीला. लांब पडतं हे मान्य, पण पुढे इंजिनाचा वाद झाला तर कागद तुमच्या बाजूनं असलेला बरा. कंपन्यांच्या फिरत्या सर्व्हिस व्हॅन किंवा तालुक्याला भरणारे कॅम्प असतात, त्यांची चौकशी करा. तिथली नोंदही सिस्टिममध्ये जाते.

वॉरंटी संपल्यावर गावातला चांगला मिस्त्री पुष्कळदा उजवा ठरतो, कारण तुमच्यासमोर काम करतो. ऑईल आणि फिल्टर स्वतः घेऊन गेलात तर आधी फोनवर विचारा. काही जणांना ते रुचत नाही, मजुरी थोडी वाढवून घेतात. ती द्या. समोर उभं राहून तीन गोष्टी बघा : फिल्टर खरंच नवा बसला, ड्रेन बोल्टचा (खालून ऑईल काढायच्या बोल्टचा) वॉशर बदलला, आणि शेवटी पट्टी तुम्ही स्वतः पाहिलीत. बिलावर ऑईल, फिल्टर, वॉशर, मजुरी अशा वेगळ्या ओळी, ऑईलचा ग्रेड आणि किलोमीटर लिहून घ्या.

ड्रममधलं सुटं ऑईल वापरतात का, हे आधीच विचारा. वापरत असतील आणि ग्रेड दाखवता येत नसेल तर डबा स्वतःचा न्या.

६. स्वतः बदलायचं असेल तर

सामान : योग्य नंबरचा रिंग पाना किंवा गोटी पाना (बहुतेकदा १४, १७ किंवा १९), फिल्टर पाना, नवा फिल्टर, नवा वॉशर, नरसाळं, पसरट टब, फडकी, हातमोजे, आणि गाडी उचलायला रॅम्प किंवा जॅकसोबत दोन घोड्या.

नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नका. पावसाळ्यात मातीच्या अंगणात तर घोडीही रुतते. काँक्रीटची जागा नसेल तर हा विचारच सोडा आणि गॅरेजला जा.

१. इंजिन पाच मिनिटं चालवून कोमट करा, बंद करा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा. ओतायचं झाकण आणि पट्टी सैल करा.

२. खाली प्लॅस्टिकचं कव्हर असेल तर ते काढा. समुद्राजवळच्या गाड्यांत त्याचे स्क्रू गंजून बसलेले असतात. आदल्या दिवशी गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा.

३. ड्रेन बोल्ट पान्यानं सैल करा. शेवटचे आटे हातानं सोडवताना बोल्ट वर दाबून धरा आणि एकदम बाजूला घ्या, नाहीतर गरम ऑईल कोपरापर्यंत येतं. धार बारीक होऊन थेंब थेंब होईपर्यंत थांबा.

४. जुना वॉशर कधी कधी चेंबरलाच चिकटून राहतो. तो काढला नाही तर नव्याखाली दोन वॉशर होतात आणि गळती लागते. बोल्ट आधी हातानं फिरवा, मग मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कएवढाच (घट्टपणाच्या मापाएवढाच) कसा. पुष्कळ गाड्यांचं चेंबर ॲल्युमिनियमचं असतं. जोर दाखवलात की आटे जातात.

५. फिल्टर काढल्यावर त्याची रबरी रिंग इंजिनावर राहिली नाही ना, हे बोट फिरवून बघा. नव्या रिंगवर ऑईलचं बोट लावा, हातानं टेकेपर्यंत फिरवा आणि मग फिल्टरवर लिहिलं असेल तेवढंच पुढे, सहसा पाऊण फेरा. डबीतला कागदी फिल्टर असेल तर ओ-रिंगही नवी घाला.

६. मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा अर्धा लिटर कमी ओता. छोट्या पेट्रोल गाड्यांना एकूण तीन-साडेतीन लिटर लागतं, मोठ्या डिझेलला पाच-सहा किंवा जास्त. इंजिन चालू करा, ॲक्सिलरेटर दाबू नका. ऑईलचा लाल दिवा काही सेकंदांत विझायला हवा. मिनिटभरानं बंद करा, खाली गळती बघा, गाडी खाली सपाट जागी घ्या आणि दहा मिनिटांनी पट्टी बघून उरलेलं घाला.

जास्त झालं तर काढून टाका. "असू दे थोडं जास्त" चालत नाही. क्रँक ऑईलला घुसळतो, फेस होतो आणि फेस इंजिनाला वंगण देत नाही.

शेवटी डॅशबोर्डवरची सर्व्हिसची आठवण रीसेट करा.

७. वाटेत लाल दिवा लागला तर

किटलीसारखं चिन्ह असलेला लाल दिवा चालत्या गाडीत लागला, तर पुढच्या गॅरेजपर्यंत नेऊ असं म्हणू नका. दिवा ऑईलचा दाब गेल्याचा आहे. सुरक्षित जागा बघून लगेच थांबा आणि इंजिन बंद करा. पट्टी बघा, कमी असेल तर घाला. पातळी बरोबर असूनही दिवा जात नसेल तर गाडी टोच करून न्या. दुर्गम भागात फिरणाऱ्यांनी डिकीत त्याच ग्रेडचा एक लिटर ठेवावा. आंबोलीच्या वळणात तो कुठे मिळणार?

टर्बो गाडीनं घाट दमात चढवून वर चहाला थांबलात, तर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर चालू राहू द्या. म्हणजे टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑईल तापून करपत नाही.

८. गाडी पुरात गेली तर

जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण आणि महाडमध्ये असंख्य गाड्या बुडाल्या. पाणी ओसरल्यावर चावी फिरवून बघायचा मोह होतो. तो आवरा. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची तार सोडवा, पाण्याची खूण दिसेल असे फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि गाडी उचलूनच न्या. चावी फिरवल्यामुळे झालेलं इंजिनाचं नुकसान साध्या पॉलिसीत अनेकदा मिळत नाही; इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन घेतलंय का, हे पावसाळ्याआधीच बघून ठेवा. मिस्त्री पाणी काढून, ऑईल आणि फिल्टर बदलून मगच इंजिन चालू करेल, आणि थोडं चालवून ऑईल पुन्हा एकदा बदलेल. दुसऱ्यांदाचा खर्च बघून कुरकुर करू नका.

९. जळकं ऑईल

वासे, दारं, कुंपणाचे खांब यांना वाळवी लागू नये म्हणून जळकं ऑईल फासायची पद्धत गावोगावी आहे. त्यातली रसायनं त्वचेला घातक आहेत, तेव्हा उघड्या हातांनी ते हाताळू नका. चुलीत किंवा भट्टीत जाळू नका. वहाळात किंवा परसात तर मुळीच ओतू नका : आपला जांभा सच्छिद्र, वर ओतलेलं खाली झिरपतं, आणि विहीर पन्नास पावलांवर असते. कायद्यानंही वापरलेलं ऑईल घातक कचऱ्यात मोडतं.

ते झाकण घट्ट बसणाऱ्या कॅनमध्ये भरा, त्यात पाणी, पेट्रोल, कूलंट मिसळू देऊ नका, वर मोठ्या अक्षरांत "जळकं ऑईल" लिहा आणि पोरांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा. पुढच्या वेळी तालुक्याला जाल तेव्हा मोठ्या गॅरेजात किंवा सर्व्हिस सेंटरला द्या. त्यांच्याकडे ड्रम असतो आणि परवानाधारक लोक तो उचलून नेतात. जुना फिल्टरही भोक खाली करून रात्रभर त्याच कॅनवर निथळू द्या, मग पिशवीत बांधून सोबत द्या.